परत करायचा गुलाल

आमच्या धंद्यात मुख्य पात्र बोलत नाही. ते रडतं, माझ्या साडीवर शू करतं आणि झोपून जातं. संवाद सगळे इतरांकडे. आजी बोलते, आत्या बोलते, फोनवरून मामा बोलतो, रिक्षावालासुद्धा आत डोकावून दोन वाक्यं टाकून जातो. जिच्या पोटातून ते पात्र आलं ती मात्र भिंतीला टेकून उभी असते. तिला कुणी संवाद लिहूनच दिलेले नसतात.

मी लहान मुलांची डॉक्टर. जन्म सांगलीचा, दवाखाना वडूजला. सांगलीत जन्मलेल्या माणसाला नाटकाची लस बाकीच्या लशींच्या आधी टोचलेली असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजपुत्र झाले होते. ऐन प्रवेशात मिशी सुटून तोंडात गेली, ती चघळत चघळत मी स्वगत पुरं केलं आणि टाळ्या घेतल्या. पुढे वडिलांनी मेडिकलला घातलं, लग्न होऊन वडूजला आले, तेव्हा मैत्रिणी हळहळल्या, ‘हिची रंगभूमी सुटली.’ कसली सुटतेय! दररोज सकाळी प्रयोग, प्रेक्षक दारापर्यंत उभे, आणि नाटक पडलं तर लोक घरी येऊन सांगतात.

संपादकांनी गोड शेवटाचा अनुभव मागितला होता. दिवाळी अंक आहे, मला कळतं. पण नरकचतुर्दशीला पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतोच ना? तेवढंच समजा. चकल्या पुढच्या पानांवर असतील.

विषय डागांचा आहे. नुकतं जन्मलेलं बाळ म्हणजे डागांचं प्रदर्शन असतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मानेवर गुलाबी ठिपका, पापणीवर लाली, ढुंगणावर निळसर हिरवे पट्टे. हे पट्टे आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतात आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात. पण शिरवळकडचे एक निवृत्त सुभेदार आपल्या नातवाचं ढुंगण बघून माझ्यावर चालून आले होते. “म्याडम, पोराला मार पडलाय. जी कोण नर्स असंल तिला पुढं करा!” मी म्हटलं, “साहेब, तुम्हीच चौकशी करा.” आणि वॉर्डातल्या सगळ्या बाळांचे लंगोट सोडून त्यांना ओळीत झोपवलं. सुभेदारसाहेब हात मागे बांधून, एकेक ढुंगण निरखत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. बहुतेक सगळी निळी. शेवटच्या पलंगापाशी थांबून म्हणाले, “पूर्ण पलटणच अशी हाय म्हणायची.” आणि नर्सला त्यांनी पेढा दिला.

इतपत गंमत. पण डागाची गंमत फार वेळ टिकत नाही, कारण डाग दिसला की घर गुन्हेगार शोधायला लागतं, आणि तो फार लांब शोधावा लागत नाही. भिंतीला टेकून उभाच असतो. कानाशी चामडीचा एवढासा लोंबता तुकडा असलेलं बाळ आलं, की मी तपासायच्या आत सासू सांगते, “गिराणात काकडी चिरली हिनं. नगं म्हणत व्हते मी.” सूनबाई मान खाली घालते. मी त्या सासूबाईंना विचारते, “तुमच्या गुडघ्याचं दुखणं कुठल्या ग्रहणातलं?” बाहेरच्या बाकावर हशा पिकतो. सूनबाई हसत नाही. तिला घरी जायचं असतं.

आता ज्या डागाची ही गोष्ट आहे, त्याच्याबद्दल चार वाक्यं सरळ सांगते. त्याला आम्ही हिमँजिओमा म्हणतो. रक्ताच्या बारीक नळ्या एका जागी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि कातडीवर लालभडक गाठ किंवा पट्टा दिसतो. खोडी अशी, की जन्माच्या वेळी तो बहुतेक नसतोच, किंवा असला तरी पुसटसा. बाळ घरी जातं, सटवाईची पूजा होते, बारशाची तयारी सुरू होते, आणि मग तो उमलतो. म्हणजे दवाखान्यातून कोरं करकरीत बाळ नेलं आणि घरात कुणीतरी त्यावर काहीतरी केलं, असंच सगळ्यांना वाटणार. काही महिने तो वाढतो, मग थांबतो, मग वर्षानुवर्षं सावकाश विरत जातो. बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. पण चेहऱ्याची एक बाजूच्या बाजू नकाशासारखी लाल झाली असेल, तर आम्ही चेहऱ्याकडे बघत बसत नाही. कारण अशा काही बाळांमध्ये तीच गडबड आतही झालेली असते, डोळ्यात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत. चेहरा ही दारावरची पाटी. ती वाचून थांबायचं नसतं, आत जाऊन घर बघायचं असतं.

ज्योतीची पाटी मी तिच्या माझ्याकडच्या पहिल्या लशीच्या दिवशी वाचली. महिना-दीड महिन्याची पोर. उजवं कपाळ, उजवी पापणी, उजवा गाल गालगुच्चा घ्यावा तिथपर्यंत लाल. पापणी सुजून डोळा अर्धा मिटलेला. आणि बाळाला घेऊन आलेल्या आजी मात्र अशा थाटात बसलेल्या, जणू मखरात गौर आणलीय.

या हौसाबाई. ठसठशीत कुंकू, हिरवागार चुडा, आवाज असा की माझ्या दवाखान्यात माईकची गरज नाही. उसाचं रान, एक मुलगा, संदीप, तो फौजेत, सीमेवर. मागे भिंतीला टेकून सून, शीतल. रहिमतपूरची, बारावी शिकलेली, बारीक अंगाची.

मी गालाला हात लावणार, तेवढ्यात हौसाबाईंनी माझं मनगट धरलं.

“आवं बाई, त्येला हात लावू नगा. गुलाल हाय.”

“गुलाल?”

“जोतिबाचा. आमचं कुलदैवत. बारशाच्या आदी उमटला, म्हणून तर नाव ज्योती ठिवलं. लांबलांबनं लोकं पाया पडाय येत्यात. नारळ ठिवायला जागा न्हाई घरात.”

मी शीतलकडे पाहिलं. ती बाळाच्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत होती.

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरंच वाटलं. ग्रहण नाही, काकडी नाही, सुनेच्या माथी काही नाही, उलट पोर देवाची ठरली. इतका दयाळू गैरसमज माझ्या पाहण्यात नव्हता. मग मी बाळाच्या जांघेत दोन बोटं ठेवली. आम्ही सगळ्याच बाळांची तिथली नाडी बघतो. ज्योतीच्या हाताची नाडी टणटण उडत होती आणि जांघेतली शोधावी लागत होती. म्हणजे मोठी धमनी कुठेतरी चिमटलेली. दयाळू गैरसमज संपला.

मी म्हटलं, सांगलीला नेऊन हृदयाची तपासणी करू, डोळा दाखवू, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढू, मग हा डाग उतरायचं औषध देऊ. पैशाचा प्रश्न नव्हता. फौजीचं लेकरू, सगळा उपचार फौजेकडून. हौसाबाईंनी बाळ उचललं. “देवानं दिलेलं पुसायला सांगताय व्हय? चल गं.”

आता इथे विज्ञान सांगून उपयोग नव्हता. इथे प्रवेश घ्यावा लागणार होता. मी खुर्चीतून उठले, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि दारात आडवी उभी राहिले.

“हौसाबाई, चैत्रात डोंगरावर जाता ना?”

“वरसाला जातो.”

“अंगावर गुलाल पडतो?”

“पडतो म्हंजी? डोस्क्यापास्नं पायापर्यंत!”

“मग घरी आल्यावर काय करता? तसाच ठेवता वर्षभर?”

“न्हाई... आंगूळ करतो.”

“का? देवानं दिलेला पुसता?”

बाहेरचं बाक ऐकत होतं. मी आवाज खाली आणला. हे मला सांगलीनं शिकवलं, की शेवटचं वाक्य ओरडून म्हणायचं नसतं. “गुलाल उधळायचा असतो, हौसाबाई. साठवायचा नसतो. या पोरीवर जरा जास्त पडलाय. डोळ्यात गेलाय, छातीतही गेलाय. एवढीशी पोर तो किती दिवस वाहणार? आपण तो सन्मानानं परत करू.”

हौसाबाईंचे डोळे भरले. दोन्ही हात जोडून म्हणाल्या, “चांगभलं.” मागच्या बाकावरून तीन-चार आवाज आले, “चांगभलं!” इतका दणदणीत पडदा माझ्या आयुष्यात कधी पडला नाही.

सांगलीला माझा वर्गमित्र मुकुंद मुलांची हृदयं बघतो. कॉलेजात तो माझ्या एकांकिकांचा पडदा ओढायचा, बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी. यंत्रावर बघून तो म्हणाला, डोळा औषधानं उघडेल, मेंदूचं सगळं ठीक आहे, पण मोठ्या धमनीच्या कमानीला चिमटा आहे. आज फार नाही, पण पोर वाढेल तसा तो भारी पडेल. औषध सांभाळून चालू करू. दर काही महिन्यांनी दाखवा. शाळेत जायच्या सुमाराला ऑपरेशन लागणार, हे धरून चाला.

हे मी हौसाबाईंना उसाच्या भाषेत सांगितलं. “पाट मधेच बुजलाय. वरच्या सऱ्यांना पाणी धो धो, खालच्या कोरड्या. आज चालतंय. पण वरचा बांध एक दिवस फुटणार. कुणीतरी खोऱ्यानं पाट मोकळा करायलाच पाहिजे.” त्यांनी मान डोलावली. शीतलनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मॅडम, बांध म्हणजे मेंदू ना?” मी म्हटलं, हो.

औषध सुरू झालं. रक्तदाबाचं जुनंच औषध, पण या डागावर ते जादूसारखं काम करतं, आणि एक दिवसही चुकवायचं नसतं. जादू मात्र होईना. डाग फिका व्हायचा आणि पुन्हा तांबडा. मी डोकं खाजवलं, मुकुंदनं खाजवलं. शेवटी एका भेटीत हौसाबाई सहज बोलून गेल्या, “ऐतवारी न्हाई हं द्येत. जोतिबाचा वार. त्येच्या वारी त्येचाच गुलाल धुवायचा? पाप लागंल.”

मी कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली घेऊन जोडला. “रविवारचं औषध हे औषध नाही, हौसाबाई. तीर्थ आहे. देव्हाऱ्यासमोर बसून द्यायचं.” त्या रविवारपासून ज्योतीचा एकही डोस चुकला नाही. रविवारचा तर घंटा वाजवून दिला जात असे.

डोळा उघडला. गाल निवळला. बालवाडीत जायच्या वयाला पोर अशी दिसायला लागली, की मीसुद्धा दोनदा बघावं. मंडळी तिला घेऊन डोंगरावर गेली, मूठभर गुलाल देवाच्या पायावर वाहून आली. गावात मंडप घालून माझा सत्कार झाला. हौसाबाईंनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईक बाजूला सारून भाषण केलं, “ह्या बाईनं द्येवाचं द्येवाला परत करून दावलं!” मी हात हलवून अभिवादन केलं. खोटं कशाला सांगू, मजा आली.

आणि त्या दिवसापासून ज्योती माझ्याकडे यायची बंद झाली.

मी निरोप पाठवले. फोन केले. प्रत्येक भेटीत सांगितलेलं पुन्हा सांगितलं, पाट, सऱ्या, बांध, खोरं. हौसाबाई फोनवर गोड हसायच्या. “आता काय ऱ्हायलंय, बाई? चेहरा सोन्यावानी झाला. तुमीच म्हणला व्हता, गुलाल परत क्येला की झालं.” छातीतलाही म्हणाले होते मी, पण माझ्या संवादातलं जेवढं सोयीचं तेवढंच त्यांनी पाठ केलं होतं.

मग मी संदीपला गाठलं. तो लांब कुठेतरी बर्फात होता. आवाज अडखळत येत होता, पण म्हणणं अगदी स्पष्ट आलं.

“म्याडम, ऑपरेशनचा टाका कुठं येनार?”

“डावीकडे, बगलेखालून पाठीवर.”

“मोठा?”

“मोठा.”

मग म्हणाला, “मुलीची जात हाय, म्याडम. एवढा चेहरा साफ करून घेतला आपुन. आता पाठीवर व्रण? उद्या लग्नात ब्लाउज घालायचा तर सगळ्यांना दिसनार. आनि पोरीला हार्टचा प्रॉब्लेम हाय हे एकदा भाईर कळलं, तर स्थळ कोन देनार? चेहऱ्यावरचं लपवता येत नव्हतं, म्हनून केलं. हे तर आत हाय. कुनाला दिसतंय?”

“ब्लाउज शिवायला पोरगी राहिली पाहिजे ना, संदीप.”

“तसं वाईट बोलू नका, म्याडम. डॉक्टर हाय तुम्ही.”

मी फोन ठेवला. हा माणूस वाईट नाही. देशासाठी छातीवर गोळी झेलायला तयार आहे. पोरीच्या पाठीवर टाका झेलायला तयार नाही. आणि अशी घरं मी एक नाही, ओंजळभर पाहिली आहेत. दिसणाऱ्या डागासाठी मुंबईपर्यंत धावतील. न दिसणाऱ्या हृदयासाठी तोंड मिटून बसतील. मुलगा असता तर? तर टाका मिरवला असता. हे मी रागानं लिहितेय, आणि तो राग शिळा झालेला नाही.

ज्योती पहिलीत गेली त्या वर्षी, एका सकाळी बाहेर गलका झाला. सिस्टर धावत आत आली. “मॅडम, हौसाबाई! ज्योतीचा गुलाल परत आला म्हणतायत!”

मी उठून उभी राहिले. असं होत नाही. पूर्ण विरलेला तो डाग या वयात असा रातोरात उमलत नाही. दारातून पाहिलं, तर हौसाबाई बाकावर बसून भोवतीच्या बायकांना घडली हकीकत सांगण्यात रंगून गेल्या होत्या. “काल सांजच्याला काय न्हाई, आन् सकाळी उठून बघती तर...” शीतल पोरीला घेऊन एकटीच आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

उजवं कपाळ, उजवी पापणी, उजवा गाल. हद्द तंतोतंत तीच. भुवईपाशी एक खाच होती जुन्या डागाला, तीसुद्धा जागेवर. मी कापूस ओला करून गालावरून फिरवला. कापूस गुलाबी झाला.

शीतलनं माझा हात धरला. अगदी तिच्या सासूनं कधीकाळी धरला होता तसा.

“मॅडम, पुसू नका. बाहेर आत्याबाई बसल्यात.”

सासूला ती आत्याबाई म्हणायची. मी गुलाबी कापूस तिच्यापुढे धरला.

“देव्हाऱ्यातल्या डबीतला आहे,” ती म्हणाली. “थोडं तेल घालून लावला. शाळेत ज्योतीचा घोळणा फुटतो, नाकातून रक्त येतं. डोकं दुखतं म्हणून रडते. पाय दुखतात, पळता येत नाही. मी घरात सांगितलं तर म्हणतात, ऊन लागलं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, कुणाला बोलू नको. पाया पडले मी, मॅडम. शेवटी म्हटलं, आत्याबाईंना माझं ऐकू येत नाही, पण गुलालाचं ऐकू येतं.”

मी ज्योतीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. आकडा बघून यंत्र बिघडलंय की काय वाटलं. दुसऱ्या यंत्रानं मोजला. यंत्र ठीक होतं. पायाची नाडी जवळजवळ नव्हतीच. बांध फुटायच्या बेतात होता.

“आई, गुदगुल्या होतात,” ज्योती म्हणाली. शीतल पिशवीतली डबी उघडून तिच्या गालावर माझ्या कापसानं पुसलेली जागा बोटानं पुन्हा भरत होती. आरसा न बघता, नकाशा न बघता. ती हद्द तिला पाठ होती.

राजपुत्राची मिशी चघळणारी मी, शालीची मानकरी मी. त्या क्षणी मला कळलं, की माझ्या दवाखान्यातली खरी नटी इतकी वर्षं भिंतीला टेकून उभी होती.

मी बाहेर गेले. चेहरा असा केला, की बाक आपोआप गप्प झालं.

“हौसाबाई, गुलाल परत आलाय.”

“पर आमी तर परत दिला व्हता की, बाई!”

“चेहऱ्यावरचा दिलात. छातीतला कुणी द्यायचा? मी दोन्ही म्हटलं होतं. अर्धं देणं देवाला चालतं का?”

त्यांचा हात कुंकवाकडे गेला. मग एकदम उठल्या. “संद्याला फोन लावा. म्हणावं, आईचं वचन हाय. आजच्या आज निघायचं.”

मुकुंदनं पुण्याला मोठ्या रुग्णालयात सगळी व्यवस्था करून दिली. संदीप रजा टाकून आला. आईपुढे त्याचं काही चाललं नाही. तिकडे पोचल्यावरही शीतल रोज सकाळी मोरीत नेऊन पोरीचं तोंड धुवायची आणि रंगवून आणायची. ऑपरेशन झालं. चिमटा निघाला. पायाच्या नाड्या टणटण उडायला लागल्या. ज्योती बाहेर आली ती स्वच्छ चेहऱ्यानं, आणि हौसाबाईंनी कॉरिडॉरमध्ये आरोळी ठोकली, “ग्येला! गुलाल ग्येला!”

त्याच संध्याकाळी पोरीसाठी रुमाल हवा म्हणून त्यांनी शीतलची पिशवी उघडली. आत रुमालात गुंडाळलेली डबी होती. तेलकट. शेजारी गुलाबी बोळे.

पुढचं मला संदीपनं फोन करून सांगितलं. रडत नव्हता, ओरडत होता. “द्येवाच्या नावावर खोटं बोलून पोरीची पाठ चिरली हिनं! आईला फसवलं! तुम्हाला म्हाईत व्हतं का, म्याडम?”

“पोर वाचली, संदीप.”

“ते येगळं.”

ते वेगळं. माझ्या कानात हे दोन शब्द अजून आहेत. पोर वाचली ते वेगळं.

शीतलला रहिमतपूरला माहेरी पाठवलं. ज्योतीला ठेवून घेतलं. “लेकरू आमचं हाय.” मी हौसाबाईंकडे जाऊन बसले, समजावलं, आवाज वर नेला, खाली आणला, सगळे जुने प्रवेश करून बघितले. त्या माझ्याशी नेहमीसारख्याच आदरानं वागल्या. चहा दिला. “तुमचं येगळं, बाई. तुमी डाक्टर. तुमच्या तोंडून द्येवच बोलला. तिनं मातर कपट क्येलं.” तोच गुलाल, तोच देव, तोच संवाद. मी म्हटला तर शाल आणि नारळ. तिनं म्हटला तर एस.टी.चं तिकीट.

शीतलला मी म्हटलं, वकील बघू, माझ्या ओळखीची आहे एक चांगली. ती म्हणाली, “नको मॅडम. कोर्टात गेले की पोरीला तपासायलासुद्धा आणायचे नाहीत. आधी ती नीट होऊ दे.” मी तिला सांगितलं, की तू कुठलंही पाप केलेलं नाहीस. ती म्हणाली, “मला माहीत आहे. घरात कुणाला माहीत नाही.”

म्हणून मग मी माझ्या हातात होतं तेवढं केलं.

ऑपरेशननंतर रक्तदाब बघत राहावा लागतो. तो मूल शांत असतानाच मोजायचा असतो, रडलं की आकडा चढतो. एकदा मोजून भागत नाही, मधे विश्रांती देऊन पुन्हा मोजायचा असतो. हे सगळं वैद्यकशास्त्रात आहे. वैद्यकशास्त्रात नाही ते मी पदरचं घातलं. हौसाबाईंना सांगितलं, की असल्या पोरीचा दाब आईच्या मांडीवरच खरा येतो. आजीच्या मांडीवर येतो तो खोटा, आणि खोट्या आकड्यावर औषध दिलं तर धोका. हौसाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मी पापणी हलवली नाही. म्हणाल्या, “मग बोलवा तिला.”

तेव्हापासून दोन महिन्यांनी एकदा रहिमतपूरहून शीतल येते, गावाहून आजी आणि नात. हौसाबाई सुनेशी बोलत नाहीत, बाहेर बाकावर बसतात. आतल्या खोलीत त्या दोघी. सिस्टर पट्टा बांधते आणि बाहेर येते. मी दुसरे पेशंट घेते. भिंतीपलीकडून शाळेच्या गोष्टी ऐकू येतात, कुणी कुणाचं खोडरबर घेतलं, कुणाला बाईंनी उभं केलं. एकदा ज्योती विचारत होती, “आई, तू कधी बरी होणार?” तिला कुणीतरी सांगितलं होतं, की आजारी आई आहे.

गेल्या खेपेला मुकुंदचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. धमनी छान मोकळी आहे, दाब उत्तम आहे, आता वर्षातून एकदा बघितली तरी पुरे. मी त्याचे आभार मानले. खरंच आनंद झाला मला. मग मी पदर नीट केला आणि बाहेर आले.

“काय म्हणलं सांगलीचं डाक्टर?” हौसाबाईंनी विचारलं.

मी चेहरा गंभीर केला आणि त्यांच्या शेजारी बाकावर टेकले.

“दर महिन्याला आणायला सांगितलंय.”

“दर म्हैन्याला? आत्तापत्तोर तर दोन म्हैन्यानं व्हतं.”

“वाढवलंय,” मी म्हणाले. “आणि आईच्या मांडीवरच.”